तात्यांची कॅलेंडरं : कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

तात्यांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, वर्षश्राद्धापर्यंत घरापुरतं एक पुस्तक छापायचं, हे संक्रांतीच्या आधीच ठरवून टाकलं. नाहीतर 'करू, करू' म्हणत पाच वर्षं जातात. काम माझ्याकडे, पैसे नाना (माझे काका) आणि बाबांकडे, सूचना सगळ्यांकडून. वर्षश्राद्ध श्रावण वद्यात, म्हणजे ऑगस्टच्या मध्यावर. जुलैअखेर मजकूर प्रेसला गेला पाहिजे.

फोटोंवर पुस्तक उभं राहणार नाही. लग्नातला एक आहे, निवृत्तीच्या दिवशीचा हार घातलेला एक, आणि बाकीचे आमच्या मोबाइलमधले, ज्यांत तात्या कॅमेऱ्याकडे सोडून दुसरीकडेच बघतायत. त्यामुळे सगळी मदार कॅलेंडरांवर. कालनिर्णय १९७३ साली सुरू झालं आणि सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या आमच्या घरात पहिल्या वर्षापासूनचं आहे. वर्ष संपलं की तात्या ते खिळ्यावरून काढायचे आणि वाण्याच्या दुकानात बिलं ओवतात तसं तारेच्या आकड्यात ओवून माळ्यावर टांगायचे. प्रत्येक चौकटीत, तिथी-नक्षत्राच्या खाली जी बोटभर जागा उरते, तिथं त्यांनी काही ना काही लिहिलंय. आम्हा नातवंडांना वाटायचं, हिशेब असेल.

१९ जानेवारी

गठ्ठा खाली काढला. धूळ, झुरळांची अंडी, एका सालात वाळलेली पाल.

काय आहे, काय नाही: १९८४ पूर्ण गायब. १९७७ ची पाच पानं फाडलेली, ती आत्तीच्या वह्यांना कव्हरं म्हणून गेली असं आत्तीच म्हणते. १९९६ ला वाळवी लागून फक्त पावसाळा उरलाय. बाकी सगळं वाचता येतं. सुरुवातीची दहा-बारा वर्षं शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेली, जिभेवर ओली करून लिहायची ती जांभळी पेन्सिल. मग बॉलपेन. शेवटी नातवंडांच्या स्केचपेननंही.

स्कॅनरच्या भानगडीत पडणार नाही, पानं मोठी आहेत आणि दुमडली की घडीवर फाटतात. सकाळी सोप्यात ऊन यायच्या आधी जमिनीवर पान पसरायचं, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायच्या आणि मोबाइलनं वरून फोटो काढायचा. दुपारी चमक येते, पेन्सिल उमटत नाही.

एक्सेलमध्ये रकाने: साल, तारीख, मजकूर, खूण, अक्षर कुणाचं. शेवटचा रकाना सहज म्हणून घातला.

२ फेब्रुवारी

खुणांचा उलगडा. 'फ', 'से', 'ना' म्हणजे फर्स्ट, सेकंड, नाइट पाळी. 'ओ' म्हणजे ओव्हरटाइम. 'सो' म्हणजे सोसायटीचा हप्ता. 'बो' म्हणजे अंगणात ठेवलेल्या डालड्याच्या डब्यात किती बोटं पाऊस साठला तो आकडा. हवामान खात्याला मान्य होणार नाही, पण डबा तोच आणि बोटंही तीच, त्यामुळे एका सालाची दुसऱ्या सालाशी तुलना खुशाल करता येते.

कोपऱ्यात एक बारीक त्रिकोण मात्र कुणालाच सांगता येईना. बाबा म्हणाले, गणपती असेल. आक्काला, म्हणजे आजीला, विचारलं. आक्का एकोणनव्वद वर्षांची, कानानं कमी, बाकी लख्ख. तिनं मान वर न करता सांगितलं, "त्यो डोंगुर. गेलं की काढायचं."

डोंगर म्हणजे सागरेश्वरचा डोंगर. मग त्रिकोणांचं गाळण लावून बघितलं. बहुतेक 'ना' च्या दुसऱ्या दिवशी त्रिकोण आहे. म्हणजे रात्रभर किर्लोस्करवाडीच्या पंपांच्या कारखान्यात साचे भरायचे, सकाळी भोंगा झाला की सायकल घराकडे न वळवता डोंगराकडे घ्यायची, आणि दुपारी येऊन झोपायचं.

'दमून येत होते' असं आम्ही समजत होतो. दमून येतच होते, पण कशानं ते वेगळं.

९ फेब्रुवारी

पलूसला गेले. तात्यांच्या खात्यातले एक सोबती तिथं मुलाकडे राहतात, वय पंच्याऐंशीच्या पुढं. त्यांच्याकडून मोल्डिंगचं काम नीट समजून घेतलं, कारण पुस्तकात नुसतं 'कारखान्यात कामाला होते' लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं.

पंपाचं केसिंग बाहेरून दिसतं गोगलगायीच्या शंखाच्या आकाराचं. लाकडी पॅटर्न पेटीत ठेवून भोवती वाळू ठासायची, मग पॅटर्न असा अलगद उचलायचा की वाळूची कड ढासळता कामा नये. आत पाण्याला जायला जी पोकळी लागते ती कोअरनं होते. कोअर म्हणजे वेगळा भाजलेला वाळूचा गाभा, तो साच्यात बरोबर मधोमध बसवायचा. कोअर केसभर सरकला तर एका बाजूची भिंत जाड, दुसरीकडची पातळ, आणि जॉब भंगारात. मग वरची पेटी बसवायची, वर वजन ठेवायचं आणि लेडलनं, म्हणजे मोठ्या पळीनं, वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. वाळूत ओल जास्त राहिली तर रस पडताच वाफ कोंडते आणि लोखंडाला आतून भोकं पडतात. ती तिथल्या तिथं दिसत नाहीत, मशीनवर चढल्यावर दिसतात.

"तुझ्या आज्ज्याला वाळू तपासायला यंतर लागत नव्हतं," ते म्हणाले. मुठीत वाळू घेऊन दाबायची, मूठ उघडायची. बोटांचे वळ उमटले पाहिजेत, तळव्याला ओल लागता कामा नये. मग तो गोळा दोन्ही हातांनी मोडायचा. कड सरळ तुटली तर वाळू चांगली, भुगा झाला तर पाणी कमी.

मी एकदम हसले. शेतात पेरणीच्या आधी तात्या हेच करायचे. मूठभर माती उचलून दाबायची, मोडायची, 'वापसा आलाय' किंवा 'उद्या बघू' म्हणायचं. आधी माती शिकले की आधी वाळू, हे विचारलं. म्हणाले, "शेतकऱ्याचं पोर हुतं, आधी मातीच. म्हणून तर घेतलं त्येला मोल्डिंगला."

हे पहिल्या प्रकरणात जाणार.

१६ फेब्रुवारी

१९७३ च्या आधीची बेचाळीस वर्षं. कागद जवळजवळ नाहीत. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३१. म्हणजे मास्तरांनी लावलेली तारीख, त्या पिढीतलं निम्मं गाव १ जूनला जन्मलंय.

कुंडल तेव्हा औंध संस्थानात. किर्लोस्करवाडीही औंधच्याच मुलखात, निवडुंगानं भरलेल्या माळावर १९१० साली उभी राहिलेली. जागा दिली ती औंधच्या पंतप्रतिनिधींनी. याच राजांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार लावले. तात्या ते नव्वदीपर्यंत घालत होते. शेवटी शेवटी बारा नाही, पाच, आणि पाचव्याला खाटेचा कठडा धरून. आम्हाला वाटायचं धार्मिक बाब आहे. धार्मिक काही नव्हतं, शाळेत लागलेली सवय होती.

प्रतिसरकारचा, म्हणजे बेचाळीसनंतरच्या भूमिगत सरकारचा प्रश्न. कुंडल म्हणजे त्या सरकारच्या तुफान सेनेचं गाव, आणि ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराची रेल्वे लुटली तेव्हा तात्या बारा वर्षांचे. नानांचा आग्रह आहे की 'भूमिगतांना भाकरी पोचवत' असं लिहावं. आता आमच्या पट्ट्यात भाकरी न पोचवलेलं घर सापडणं मुश्कील आहे. इतक्या भाकऱ्या खरंच गेल्या असत्या तर भूमिगतांना चालता आलं नसतं. तात्यांनी स्वतः मला एकदाच सांगितलं होतं, ते एवढंच: आईनं रात्री जास्तीचं पीठ मळलं की आम्ही पोरं कुणासाठी ते विचारत नव्हतो. तेवढंच आणि त्याच शब्दांत छापणार. नानांना कळवलं. नाना 'बघू' म्हणाले, म्हणजे नाराज.

२ मार्च

१९७३ टाइप करून झालं. सगळ्यांत अवघड साल. दुष्काळ बहात्तरचा म्हणतात, पण खरा मार बसला तो पुढच्या मे-जूनपर्यंत. जानेवारीत 'विहीर दोन परस' (परस म्हणजे पुरुषभर खोली). मार्चमध्ये 'विहीर तळ'. रेशनच्या 'मिलो' ची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, नोंद सारखी येते. तो तांबडा मिलो आक्का अजून शिवीसारखा उच्चारते. 'पाझर तलाव, भाऊ गेला' अशी एक नोंद आहे. आधी मला ती मृत्यूची वाटली आणि पोटात गोळा आला. धाकटे आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, एवढाच अर्थ.

१७ एप्रिलच्या चौकटीत दोनच शब्द: 'बैल दिला.'

आणि ९ जूनला, त्या सालातली सगळ्यांत लांब नोंद, चौकटीबाहेर जाऊन शेजारच्या तारखेत घुसलेली: 'रात्री वळीव नव्हे मृगाचाच. ३ बो. पावशा दिवसभर. डोंगर काळा दिसतो.'

१६ मार्च

पावशा पक्ष्याचा वेगळा तक्ता केला. तात्या दरवर्षी पावशाची पहिली हाक लिहायचे, नुसतं 'पेर्ते व्हा' असं, अवतरणात. १९७४ ला २६ मे, १९८१ ला १९ मे, १९९२ ला ४ जून. चातकही आहे, पण त्याच्या नोंदी कमी. टिटवीची अंडी कुठं दिसली, नदीच्या पात्रात की वरच्या बांधावर, हेही आहे. खाली घातली की पाऊस कमी असा समज. त्यांनी पुढं सप्टेंबरमध्ये स्वतःच निकाल लावलाय: १९८७ ला 'टिटवी खोटी', १९९० ला 'टिटवी खरी'. 'खोटी' जास्त वेळा आलंय, तरी बघायचं सोडलं नाही.

इतर काही, जे पुस्तकात हवंच:

१६ फेब्रुवारी १९८०, सूर्यग्रहण. आपल्याकडे खंडग्रास, खग्रास कर्नाटकात. रस्ते ओस, लोक दारं लावून आत. तात्यांच्या चौकटीत त्रिकोण. 'कोंबड्या झाडावर गेल्या. होले गप्प. वर मी एकटा.'

एप्रिल १९८६, हॅलेचा धूमकेतू. 'पहाटे गेलो. नुसता धूर.'

३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन. 'पहाटे ४ ला भांडी वाजली. कोयनेवेळी जास्त होतं.' कोयनेवेळी म्हणजे ११ डिसेंबर १९६७. दुसऱ्या दिवशी: 'किल्लारी. फार माणसं.'

६ एप्रिल

आज हरणांचं प्रकरण लिहून काढलं. माझ्या मते पुस्तकात हेच सगळ्यांत चांगलं होणार.

सागरेश्वरचं रान हे मूळचं रान नव्हे. तात्यांच्या लहानपणी तो उघडा डोंगर होता, कुसळी गवत आणि खडक. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडं लागली, जनावरं आणून सोडली गेली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. सगळं मिळून सुमारे अकरा चौरस किलोमीटर. माणसांनी केलेलं अभयारण्य म्हणून त्याचं नाव होतं ते याचमुळे. चितळ, सांबर, काळवीट. श्रावणी सोमवारी देवळाच्या बाजूला जत्रेसारखी गर्दी, आणि वर गेलं की किर्लोस्कर पॉइंटवरून कृष्णेचं सगळं खोरं, ऊस, धुराडी, रेल्वेचा रूळ.

तात्या कुठल्याही समितीवर नव्हते. एकाही नोंदीत 'सभा' हा शब्द नाही. पण सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून जून-जुलैच्या त्रिकोणांशेजारी 'निंबोळ्या' , 'सीताफळ बी', 'करंज' असं येत राहतं. खिशात भरून न्यायचे आणि खडकांच्या फटीत, जिथं माती साठलीय तिथं, काठीनं भोक पाडून टाकायचे. आक्का म्हणते, धुवायला टाकलेल्या चड्डीच्या खिशात निंबोळ्यांचा चिकटा असायचा. पुढच्या उन्हाळ्यात ते बघून यायचे. 'करंज ११ पैकी २.' मे १९८३: 'निंब ४ जगले. दोघांना पाणी नेलं.' पाणी कशातून? कारखान्यातून येताना जेवणाचा डबा असायचा, त्याच डब्यातून, टाकीवर भरून.

मग झाडं वाढली, हरणं वाढली, आणि हरणांना कुणी अभयारण्याची हद्द वाचून दाखवलेली नसते. आमचा शाळू डोंगराच्या अंगाला. १९९० नंतर दर हिवाळ्यात नोंदी सुरू होतात. 'हरणं. दोन पट्ट्या गेला.' 'हरणं.' 'हरणं, सगळी रात्र जागलो.' धाकटे आजोबा कावायचे, शेजारचे शेतकरी तर रात्री डबे बडवत बसायचे, आणि सकाळी खाल्लेला शाळू बघायला तात्या बांधावर आले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "तात्या, तुमची पोरं आलती बगा जेवायला."

तात्यांचं यावर म्हणणं काय होतं ते कॅलेंडरात नाही. बाबांना आठवतं: ते हसायचे आणि कुळवाच्या पासेला चिकटलेली माती काढत बसायचे. भरपाईचा अर्ज त्यांनी केला होता, हेही बाबांनीच सांगितलं, आणि मंजूर रक्कम इतकी किरकोळ होती की ती आणायला लागलेल्या एसटीच्या भाड्यावर घरात बरेच दिवस विनोद चालले.

रानावर माया होती म्हणून नुकसान गोड वाटलं, असं काही मी लिहिणार नाही. 'सगळी रात्र जागलो' हे गोड वाटणाऱ्या माणसाचं वाक्य नाही. पण त्यानंतरच्या जूनमध्येही निंबोळ्या आहेतच.

२० एप्रिल

'अक्षर कुणाचं' हा रकाना कामाला आला.

पानांच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशेब असतो. तिथं उभ्या रेघा आहेत, सकाळची एक, संध्याकाळची एक, काही आखूड, काही लांब. मी त्या तात्यांच्या समजून चालले होते. रेघा कोळशाच्या आणि खडूच्याही आहेत, एका ठिकाणी चक्क हळदीच्या बोटाचा ठसा. आक्का शाळेत गेलेली नाही.

तिच्या पुढ्यात १९७९ चा ऑक्टोबर पसरला. डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि घडाघडा वाचायला लागली. लांब रेघ म्हणजे लिटर, आखूड म्हणजे अर्धा. रेघेवर टिंब म्हणजे डेअरीला न देता घरी ठेवलं, कुणीतरी पाहुणा. आडवी रेघ म्हणजे म्हैस आटली. "ही कवडी म्हस. हिनं लई पिदवलं मला." पंचेचाळीस वर्षांपूर्वीची म्हैस तिला रेघांवरून ओळखू आली.

म्हटलं, आक्का, हेही छापू. "माज्या रेघा कशाला छापतायसा? लोक हसतील."

मग जरा वेळानं, पान माझ्याकडे सरकवत: "आन छापायच्याच तर म्होरचं पान बी बघ. म्होरं त्येंचा डोंगुर असंल, मागं माजी धार. रविवारी ह्ये डोंगरात, मी म्हशीमागं. म्हस काय रविवार बघती व्हय?"

बघितलं. १९७९ च्या ऑक्टोबरात प्रत्येक रविवारी पुढं त्रिकोण, आणि मागं दोन रेघा.

आराखडा बदलला. आता प्रत्येक निवडलेल्या महिन्याचं डावं पान कॅलेंडरची मागची बाजू, उजवं पान पुढची. पानं वाढणार, खर्च वाढणार. बाबांना चालतंय.

४ मे

आत्ती इस्लामपूरहून दोन दिवस आली. तिची जुनी तक्रार नव्यानं ऐकली आणि या वेळी नोंदीशी पडताळली. १९७६, तिच्या मॅट्रिकच्या निकालाचा दिवस. घरात पहिली मुलगी पास झालेली. पेढे आणायला तात्या जागेवर नाहीत. येरळा नदीला नवं पाणी आलेलं, चढणीचे मासे. रात्री नऊला आले, पाटी भरून. चौकटीत लिहिलंय: 'येरळेला पाणी. मरळ १, बारीक पुष्कळ.' निकालाचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मी जरा चाचरत विचारलं, हे गाळू का?

"का म्हणून? छाप. लोकांना कळू दे बाप कसला हुता." आणि मग स्वतःच हसत, "मरळ मात्र मला दिली सगळी. डोक्यासकट."

तेही घातलं.

माझ्या जन्माची चौकट तिनंच शोधून काढली. १९८८. 'मुलगी झाली. दोघी ठीक. २ बो.' मी आणि पाऊस, एका ओळीत.

१८ मे

नानांची प्रस्तावना आली. सुरुवात: 'तात्यांनी आमच्यासाठी हाडाची काडं केली. स्वतःसाठी ते एक दिवसही जगले नाहीत.' पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यावर मी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'त्रिकोण मोजा.'

रात्री फोन. "बापाचं कष्ट मांडायचं सोडून डोंगुर मांडतीस व्हय गं?" मी माझी बाजू सांगितली. असं 'जगलेच नाहीत' म्हटलं की आम्ही सगळे कर्जदार होऊन बसतो, आणि ज्या माणसानं नाइट करून डोंगर चढला, ग्रहणात कोंबड्या बघितल्या, त्याला आपण देवळातल्या समईसारखं जळत ठेवतो. त्यांना मजा येत होती. हे लिहायला काय हरकत आहे?

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, त्र्याहत्तरच्या एप्रिलात बैल विकायला कासराभर अंतरावरून मी मागं चालत होतो, एकोणीस वर्षांचा. "तुला तितं दोन शब्द दिसत्यात. त्या दोन शब्दांनंतर ह्या माणसानं चार दिवस कुणाशी शब्द काढला न्हाई. ते कुठं लिवलंय त्यांनी?"

कुठंच नाही. रात्री परत १९७३ उघडून बघितलं. १८ ते २१ एप्रिल, पाळीची अक्षरं आहेत, बाकी कोरं. त्रिकोणही नाही.

म्हणजे कॅलेंडर हा साक्षीदार थोडा एकतर्फी आहे. पावसाला, पाखराला चार-चार शब्द, आणि जे लागलं त्याला दोन किंवा शून्य. सोसायटीच्या 'सो' पुढं रक्कम कधीच नाही. तिसऱ्या मुलाचं, जो वर्षाच्या आत गेला, त्याचं तर नावही नाही, कारण तो १९७३ च्या आधी गेला आणि नंतर त्याच्या तिथीच्या चौकटीत दरवर्षी फक्त पाळी लिहिलेली आहे. ती तिथी आक्कानं सांगितली म्हणून मला कळली.

तोडगा: नानांची प्रस्तावना आहे तशी राहील. बैलाची हकिगत त्यांनी स्वतः सविस्तर लिहून द्यायची, ती एप्रिल १९७३ च्या कोऱ्या चौकटींसमोर. दुसऱ्या वाक्याबद्दल माझं म्हणणं मी माझ्या मजकुरात मांडेन, शेजारीच.

२७ मे

मॉन्सून २५ मेलाच महाराष्ट्रात. पंधरवडाभर आधीच वळवानं झोडपलं होतं, त्यात हा. रोहिणी नक्षत्र लागतंय तोवर विहिरी भरल्या. शिवारात मशागत अर्धवट, वापसा नाही, कुंडलहून धाकट्या चुलत्यांचा फोन: "पेरायचं कुठं, चिखलात?" तात्यांचा डालड्याचा डबा बाबांनी अंगणात ठेवलाय. बोटं बाबांची जाड आहेत, त्यामुळे आकडा जुन्यांशी जुळणार नाही, हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

काम: १९९१ नंतरची वर्षं. ३१ मे १९९१, 'रिटायर. हार, नारळ.' १ जून, त्रिकोण. २ जून, त्रिकोण. जूनभर आणि जुलैत नांगरणी-पेरणीचे दिवस सोडले तर त्रिकोणच.

१५ जून

नकाशा. चुलतभाऊ चित्रकलेचा शिक्षक आहे, तो हातानं काढतोय. नोंदींत जी ठिकाणं येतात ती कुठल्या नकाशात नाहीत: म्हातारीचं टेक, घोरपडीची कपार, तिवड्याचा माळ, 'जिथं पाणी दिसतं ते'. शेवटचं आम्ही शोधत वर गेलो. चढणीवर एक जागा आहे तिथून झाडांच्या फटीतून येरळेचा तुकडा दिसतो, पण पावसाळ्यातच. उन्हाळ्यात तिथं नुसती वाळू. नकाशात तेच नाव ठेवलंय.

वनखात्याच्या हद्दीतल्या आडवाटा दाखवायच्या नाहीत, असं ठरवलं. नाहीतर पुतणे-भाचे कुंपण ओलांडून जातील आणि पावती माझ्या नावानं.

६ जुलै

शेवटची वर्षं भराभर टाइप झाली, कारण मजकूर कमी होत जातो. २००५ आणि २०१९ च्या पुरात आमचं घर सुरक्षित होतं, पण कृष्णाकाठचे पाहुणे घरी होते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा तात्या ८८ वर्षांचे, आणि त्या आठवड्याच्या चौकटींत फक्त माणसांचे आकडे आहेत: 'घरात १४', 'घरात १९', 'घरात १९', 'घरात ६'. शेवटचा त्रिकोण नोव्हेंबर २०१६ चा. त्यानंतर 'गच्चीवरून' असा शब्द सुरू होतो. २०२४ च्या जुलैत अक्षर तिरकं गेलंय, पण 'बो' आहे.

२० जुलै

प्रेसला फाइल दिली. सांगलीतच छापतोय. ए-५ आकार, ९६ पानं, कॅलेंडरच्या पानांसाठी आतला कागद जरा जाड घेतला, नाहीतर आक्काच्या रेघा मागून उमटतील. प्रेसवाल्यानं विचारलं, कव्हरवर फोटो कुठला? निवृत्तीचा हारवाला नानांना हवा होता. आत्तीनं मोडता घातला, "त्यात बाप मेल्यागत दिसतोय." शेवटी कव्हरवर १९७३ चा जून गेला.

शीर्षकावर अजून मतं येतायत. मी उत्तर देणं बंद केलंय.

३ ऑगस्ट

प्रूफ तपासून परत. 'वापसा' दोन ठिकाणी 'वाफसा' झालाय, राहू दे, दोन्ही म्हणतात. दुधाच्या एका पानावर प्रेसवाल्यानं 'स्वच्छ' करताना हळदीचा ठसा पुसला होता, तो परत आणायला लावला.

प्रती साठ. कुंडलला वीस, आत्तीकडे दहा, पलूसच्या आजोबांना एक घरी नेऊन द्यायची, शाळेच्या वाचनालयात दोन, बाकी वर्षश्राद्धाच्या दिवशी वाटायच्या. नानांनी आणखी पंधरा मागितल्यात, बैलाची हकिगत सगळ्या व्याह्यांना वाचायला द्यायचीय म्हणून. वाढीव प्रतींचे पैसे आधी पाठवा, असं कळवलंय. १९८४ चं कॅलेंडर अजून सापडलेलं नाही. आक्का म्हणते, जुन्या फडताळात डब्यांखाली अंथरलं असेल. फडताळ चुलत्यांच्या वाटणीत गेलंय, त्यांना बघायला सांगितलंय.